ज्वारीच्या मुलखातले भाऊसाहेब आणि तुमच्या ताटातला भात

शुगरचा पहिला रिपोर्ट हातात आला की मोर्शीचा रुग्ण औषधाचं नंतर विचारतो, भाताचं आधी. भात आजपासून बंद ना, असं तो स्वतःच ठरवून आलेला असतो. सोबत आलेल्या घरच्यांची मान त्याआधीच हललेली असते. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्याच जिल्ह्यातला, ज्वारीच्या मुलखातला, आणि देशाच्या भातशेतीत ज्यांचं नाव घ्यावंच लागतं असा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब.

तुमच्यापैकी अनेकांनी त्यांचा फोटो शाळेत पाहिला असेल. अमरावतीचं वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाचं असल्यामुळे ते आमच्यासारखे डॉक्टर होते, असाही काहींचा समज असतो. तसं नाही. ते बॅरिस्टर होते आणि त्यांची डॉक्टरेट वैदिक वाङ्मयातल्या धर्मावरची होती.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचा. घर शेतकऱ्याचं. त्या काळच्या वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरी रोजचं अन्न म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भाजी आणि सोबत तिखट. भात सणावाराला किंवा पाहुणा आला तर. भात खावासा वाटला की गरीब घरात ज्वारी भरडून कण्या शिजवत आणि ताकासोबत खात. आजही वयस्कर माणसांना कण्यांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलतो. काहींचा आनंदाने, काहींचा दुष्काळ आठवून.

इथे थोडा हिशोब करू, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. १०० ग्रॅम कोरड्या पांढऱ्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं, ८ ग्रॅम प्रथिनं आणि ३ ग्रॅमपेक्षा थोडे कमी तंतू असतात. १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ६८ ग्रॅम, प्रथिनं १० ग्रॅम आणि तंतूही १० ग्रॅम. लोह तांदळात १ मिलिग्रॅमहून कमी, ज्वारीत सुमारे ४. आता ताटात पाहा. ५० ग्रॅम तांदूळ शिजला की साधारण १५० ग्रॅम भात होतो, म्हणजे मध्यम आकाराची एक वाटी. त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं आली. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतही जवळपास तेवढीच. म्हणजे भात सोडून तुम्ही तीन भाकरी खाल्ल्या, तर शुगरच्या हिशोबाने तीन वाट्या भाताएवढी कर्बोदकं पोटात गेली. भाकरीचा फायदा खरा आहे, पण तो वेगळीकडे आहे. तिच्यात तंतू चौपट आहेत, ती चावावी लागते, पोट लवकर भरतं आणि साखर रक्तात तुलनेने हळू चढते. तीन भाकरी खायला वेळ लागतो. तीन वाट्या भात वरणासोबत कधी संपतो ते कळतही नाही.

ज्वारीचं गुणगान करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांत दख्खनच्या पठारावर पेलाग्रा हा आजार दिसायचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या या आजारात कातडी उन्हाने जळल्यासारखी काळी पडते, जुलाब लागतात, मन भ्रमिष्ट होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर बरंच काम केलं. एकच धान्य, तेही वरण-भाजीशिवाय, हे कुठल्याही धान्याचं असो, शरीराला पुरत नाही. भाऊसाहेबांच्या लहानपणच्या गावांतली माणसं ज्वारी खात म्हणून धडधाकट होती, असं चित्र आज रंगवलं जातं. ज्यांच्या घरी दूध-तूर होती त्यांच्यापुरतं ते खरं असेल.

शाळेसाठी भाऊसाहेब पापळहून चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असे फिरले, नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२० साली ते इंग्लंडला निघाले. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने मुलाला विलायतेला पाठवणं म्हणजे घरावर कर्जाचा डोंगर. एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन ते परतले आणि अमरावतीत वकिली करू लागले. त्यांच्या प्रबंधाच्या विषयाशी जोडलेली एक गंमत जाता जाता सांगतो: ऋग्वेदात धान्य म्हणून यव येतं, तांदळाचा म्हणजे व्रीहीचा स्पष्ट उल्लेख त्यानंतरच्या अथर्ववेदात सापडतो. भात हे आपलं अगदी मूळचंच अन्न, असं सगळ्या भारताबद्दल म्हणता येत नाही.

पुढची दहा-बारा वर्षं धावपळीची होती. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७-२८ साली जो सत्याग्रह उभा राहिला, त्यात ते पुढे होते. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळा-महाविद्यालयांतून शेतकऱ्यांची मुलं शिकली. या सगळ्यावर स्वतंत्र पुस्तकं आहेत, म्हणून इथे थांबत नाही. आरोग्याच्या दृष्टीने पाहिलं तर पाण्याच्या विहिरीचं काम मला फार मोठं वाटतं. दूषित पाण्याने जुलाब झालेल्या लेकराच्या अंगी कुठलंच धान्य लागत नाही.

आता भाताकडे वळू. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. भात खाणाऱ्या त्या प्रांतात लाखो माणसं भुकेने आणि भुकेमागून आलेल्या रोगांनी मेली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फाळणीत सुपीक प्रदेशांचा मोठा भाग पलीकडे गेला, आणि धान्य बाहेरून जहाजांनी आणावं लागत होतं. १९५१ च्या जनगणनेच्या सुमाराला आपल्या देशात सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं. अशा काळात, १९५२ साली, अमरावतीहून निवडून गेलेले भाऊसाहेब केंद्रात कृषी खात्याचे मंत्री झाले. त्याआधी संविधान सभेतही त्यांनी काम केलं होतं. शेती खात्याशी त्यांचा संबंध पुढे १९६२ पर्यंत राहिला.

त्यांच्या नावाशी जोडली गेलेली मोहीम म्हणजे जपानी पद्धतीची भातशेती. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले होते. १९५३ पासून ती देशभर नेण्याची मोहीम सुरू झाली. तुम्ही शेतकरी असाल तर तुम्हाला ती लगेच कळेल. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते पोचट म्हणून काढायचं, बुडेल ते ठेवायचं. रोपं गादीवाफ्यावर तयार करायची. मूठमूठभर रोपं कुठेही खोचण्याऐवजी दोरी लावून ओळीत, ठरावीक अंतरावर थोडीच रोपं लावायची. ओळींमधून कोळपं फिरवायचं. शेणखत, कंपोस्ट आणि अमोनियम सल्फेटचा हात द्यायचा. यात बी कमी लागतं आणि उतारा वाढतो. मशीनही मोठं लागत नाही, निगा मात्र लागते. ज्या माणसाच्या गावाकडे बांध्यातला चिखल क्वचितच दिसतो, त्याने हे काम असं अंगावर घ्यावं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

१९५०-५१ साली देशात तांदूळ सुमारे २ कोटी ६ लाख टन पिकला होता. १९६०-६१ साली तो सुमारे ३ कोटी ४६ लाख टनांवर गेला. हे सगळं श्रेय एका पद्धतीचं नाही. लागवडीखालची जमीन वाढली, धरणं झाली, पाऊसही काही वर्षं बरा झाला. सगळ्याच शेतकऱ्यांनी ही पद्धत पूर्ण घेतली असंही नाही. मजूर आणि खत जिथे परवडलं तिथे ती टिकली. पण त्या दशकात प्रश्न पोटात काहीतरी जाण्याचा होता, हे ध्यानात ठेवा. आज आपण भाताला शुगरच्या चष्म्यातून पाहतो. तेव्हा भात म्हणजे जिवंत राहणं होतं.

भात वाढत होता आणि त्याच काळात भात सडायच्या गिरण्याही गावोगाव पोहोचत होत्या. ही बाजू तुमच्या तब्येतीशी थेट जोडलेली आहे. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा पातळ थर राहतो आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, बहुतांशी त्या थरात असतं. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा हा थर निघून जातो. १०० ग्रॅम पॉलिश न केलेल्या तांदळात थायमिन साधारण ०.२७ मिलिग्रॅम असतं, पॉलिश केलेल्यात ०.०५. भाऊसाहेबांच्या जन्माच्या थोडं आधी, १८९० च्या दशकात, जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं होतं की पॉलिश भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या पुन्हा उभ्या राहतात. माणसांत याच आजाराला बेरीबेरी म्हणतात. पायांना मुंग्या, अशक्तपणा, सूज, शेवटी हृदय थकतं. आइकमान यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आपल्या देशात आंध्रच्या किनारपट्टीवर, जिथे कच्चा पॉलिश तांदूळ खात, तिथे बेरीबेरी होती. जिथे धान आधी उकडून मग सडत, तिथे ती फारशी नव्हती, कारण उकडताना जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की बाजारात उकडा तांदूळ मिळाला आणि घरात चालला, तर तो साध्या पांढऱ्यापेक्षा बरा. शुगरही त्याने सहसा थोडी हळू वाढते. तांदूळ चार-पाच पाण्यांनी चोळून धुऊ नका, दोन पाणी पुरे. भात ओसावून पेज फेकण्यापेक्षा पाणी बेताचं घाला. आणि घरात कोणी रोज दारू पीत असेल, जेवण म्हणजे दोन घास भात-वरण एवढंच उरलं असेल आणि पाय बधिर होत असतील, तर ते वय झाल्याचं लक्षण समजू नका. थायमिन संपलेलं असू शकतं, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

मंत्रिपदाच्या काळात भाऊसाहेबांनी १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. १९५९ च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, त्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरसुद्धा आले होते. १९६२ साली ते पुन्हा अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. त्याच्या पुढच्या वर्षी फिलिपाइन्समधून आयआर-८ हे बुटकं, भरघोस भात जगभर निघालं आणि हरित क्रांतीने शेतीचं गणितच बदललं. ते पाहायला भाऊसाहेब नव्हते.

१९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. या विद्यापीठाचं ज्वारी संशोधनाचं काम अकोल्यात चालतं आणि भाताचं सिंदेवाही-साकोलीकडे, झाडीपट्टीत. वऱ्हाडची भाकर आणि पूर्व विदर्भाचा भात, दोन्ही एकाच नावाखाली. आपल्या दुकानांत मिळणारा एचएमटी तांदूळही तिकडचाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीतून निवडलेला.

दरम्यान इकडे आपल्या ताटात अदलाबदल झाली. मोर्शी-वरुडकडे संत्रा, खाली कपाशी आणि सोयाबीन. घरी खाण्यापुरती ज्वारी पेरणारे कमी झाले. पाखरं राखायची कोणी आणि भाकर थापायची कोणी, हेही प्रश्न आहेत. राशनवर गहू आणि तांदूळ येतो, कुकरला तीन शिट्ट्या झाल्या की जेवण तयार. शेतातली मेहनत मात्र ट्रॅक्टर आणि मोटरसायकलने घटली. सालदाराला दिवसभराच्या कामात जो भात पचायचा, तोच दुकानात बसणाऱ्या त्याच्या मुलाच्या रक्तात साखर होऊन फिरत राहतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली आहे.

म्हणून आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. शुगर निघाली म्हणून भात पूर्ण बंद करायची गरज बहुतेकांना नसते. जेवणात एक वाटी, तीही सपाट भरलेली, आणि त्या दिवशी एक भाकर किंवा पोळी कमी. आधी भाजी, कोशिंबीर आणि घट्ट वरण, भात शेवटी. हा क्रम साधा दिसतो, पण जेवणानंतरची शुगर त्याने खाली राहायला मदत होते. शंका असेल तर घरच्या ग्लुकोमीटरला विचारा: एक दिवस भाकरीचं जेवण, एक दिवस भाताचं, दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा आणि आकडे वहीत लिहून दवाखान्यात आणा. तुमच्या शरीराचं उत्तर कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप संदेशापेक्षा खरं असतं.

एक धोका मात्र ठळक सांगायला हवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कोणाच्या तरी सल्ल्याने रातोरात भात-भाकर दोन्ही सोडू नका. संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत असा एक शेतकरी पहाटे घामाने भिजलेला, बरळत असलेला आमच्याकडे आणला होता. गोळी घेतली होती, रात्री फक्त काकडी खाल्ली होती. घरच्यांना लकवा वाटला. शुगर ४० वर आली होती. असं वाटलं आणि माणूस गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आहार कमी करायचा असेल तर गोळीचा डोसही त्यासोबत बदलावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा.

किडनीच्या रुग्णांचं गणित पुष्कळदा उलटं असतं. ज्वारीत पोटॅशियम पांढऱ्या तांदळाच्या साधारण तिप्पट असतं आणि फॉस्फरसही तसंच जास्त. रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर पांढरा भात तुमच्यासाठी ज्वारीपेक्षा सोयीचा ठरू शकतो. शेजारच्याला शुगरसाठी सांगितलेलं भाकरीचं पथ्य तुम्ही घेऊ नका. जुलाब लागलेल्या लेकराला मऊ भात, पेज, वरण चालू ठेवा, उपाशी ठेवू नका, आणि ओआरएस द्या. दात गेलेल्या आजी-आजोबांना भातच खाता येत असेल तर खाऊ द्या, फक्त त्यात घट्ट वरण, दही किंवा अंडं गेलं पाहिजे. तांदळात जे कमी आहे ते लायसिन डाळीत असतं, म्हणून वरण पातळ पाण्यासारखं नको.

राशनच्या तांदळात वेगळे, थोडे पिवळट दाणे दिसतात, काही पाण्यावर तरंगतातही. ते प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब१२ मिसळून तयार केलेले ते दाणे असतात, साधारण शंभरात एक. निवडून फेकू नका. घरात थॅलेसेमियाचा किंवा वारंवार रक्त चढवावं लागणारा सिकलसेलचा रुग्ण असेल, तर मात्र त्याच्यासाठी हा तांदूळ चालेल का ते त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण अशा रुग्णांच्या अंगात लोह आधीच साठत असतं. मेळघाटाकडून येणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष विचारावं.

शिळ्या भाताबद्दलही रोज विचारणा होते. थंड केलेल्या भातातला काही स्टार्च पचायला जड होतो आणि शुगर थोडी कमी चढते, हे खरं, पण फरक लहान आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. अशा उकाड्यात रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष फोडणीच्या कढईतही मरत नाही. भात उरला तर पसरट भांड्यात निववून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात रात्रीचा भात मोजूनच लावा. माणशी अर्धी वाटी तांदूळ पुरतो.